ओतीव ॲल्युमिनियमवरील क्षरणरोधक लेपांची निवड

ॲल्युमिनियम गंजत नाही, असा एक समज रूढ आहे. त्याचे मूळ काही अंशी शब्दातच आहे. मराठीत ‘गंज’ म्हटला की लोखंडावरील तांबूस थर डोळ्यांपुढे येतो. ॲल्युमिनियमचे क्षरण मात्र पांढुरकी भुकटी व बारीक खळगे यांच्या रूपाने प्रकट होते. हवेत या धातूवर आपोआप धरणारा ऑक्साइडचा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या ओलाव्यापुढे त्याचा निभाव लागत नाही.

ओतीव भागांची अडचण याहून अधिक आहे. वितळलेल्या धातूस साच्यात नीट वाहता यावे म्हणून तीत सिलिकॉन मिसळावे लागते. डाय कास्टिंगमध्ये प्रचलित असलेल्या ‘ए-३८०’ या मिश्रधातूत ७.५ ते ९.५ टक्के सिलिकॉन आणि ३ ते ४ टक्के तांबे असते. तांबेयुक्त कण ऋणाग्राचे कार्य करतात व त्यांच्या सभोवतालचे ॲल्युमिनियम विरघळू लागते. सिलिकॉनच्या कणांवर ॲनोडायझिंगचा थर नीट धरत नाही. तो विरळ, करडा व असमान राहतो. तांबे ०.२० टक्क्यांहून अधिक नसलेल्या ‘ए-३५६’ या मिश्रधातूवर तेच काम पुष्कळ बरे उतरते. तात्पर्य, लेपाचा विचार मिश्रधातूच्या निवडीपासूनच आरंभावयास हवा. प्रत्यक्षात तो बहुधा सर्वांत शेवटी केला जातो.

या सर्व दोषांवर दीर्घकाळ क्रोमेटचा पातळ रूपांतर-लेप हा हमखास उपाय होता. ओरखडा पडला तरी लेपातील षट्संयुजी क्रोमियम ओलाव्यात उतरून उघड्या धातूचे रक्षण करी. परंतु हेच क्रोमियम मानवात कर्करोगकारक ठरले आहे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील त्याचे प्रमाण प्रत्येक एकजिनसी द्रव्यात ०.१ टक्क्यावर मर्यादित केले. पुढे २१ सप्टेंबर २०१७ नंतर तेथे क्रोमियम ट्रायॉक्साइडचा वापर खास परवान्याविना निषिद्ध झाला. पहिले बंधन तयार वस्तूवर आहे, दुसरे प्रक्रियेवर. ‘पर्यावरणानुकूल’ हे एकच विशेषण दोहोंसाठी वापरल्याने घोटाळा होतो: वस्तू निर्दोष असूनही ती घडविणाऱ्या कामगाराने विषारी वाफा घेतलेल्या असू शकतात.

आज पर्याय म्हणून त्रिसंयुजी क्रोमियम व झिर्कोनियम यांवर आधारलेले लेप पुढे आले आहेत. अमेरिकेच्या लष्करी मानक ‘५५४१’ मध्ये षट्संयुजी लेपास पहिला आणि तद्विरहित लेपास दुसरा प्रकार म्हटले आहे. म्हणून जुन्या आरेखनावर नुसते ‘क्रोमेट करावे’ असे लिहिलेले असेल, तर तो शब्द आता अपुरा आहे. काटेकोर अर्थाने त्रिसंयुजी लेप क्रोमेट नव्हेच. प्रकार स्पष्ट न लिहिल्यास कारखाना आपल्या सवयीचाच लेप देणार, आणि युरोपास निघालेला माल परत येण्याची वेळ येणार. रंगाचीही मोठी पंचाईत होते. जुना लेप सोनेरी पिवळा दिसे व तपासनीसास डोळ्यांनी समजे. नवा लेप जवळजवळ वर्णहीन असतो.

त्याच मानकातील मिठाच्या फवाऱ्याची १६८ तासांची कसोटी घडीव मिश्रधातूच्या पत्र्याच्या तुकड्यांवर घेतली जाते. त्या निकालावरून ओतीव भागाविषयी अनुमान काढणे धोक्याचे होय. ओतीव पृष्ठभागी साचा सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचे अवशेष असतात. अल्कलीने धुतल्यास ॲल्युमिनियम विरघळते आणि सिलिकॉनची काळी काजळी मागे उरते. ती फ्लोराइडयुक्त आम्लाने काढली नाही, तर लेप धातूवर न बसता काजळीवर बसतो. आतील सूक्ष्म पोकळ्यांत आम्ल अडकून राहते. वर पावडर कोटिंग करावयाचे असल्यास सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पोकळ्यांतील वायू बाहेर पडून फोड येतात. यास्तव भाग आधी रिकाम्या स्थितीत तितकाच तापवून वायू घालविणे, किंवा पोकळ्या राळेने भरून घेणे, हे मार्ग अवलंबिले जातात. त्यानंतर प्रत्यक्ष उत्पादनातील भाग उचलून, त्याच्या कडा व छिद्रे यांसह, फवाऱ्याच्या पेटीत ठेवावेत.