धक्का, पाणी आणि धूळ : रोजच्या वापराच्या घड्याळाची निवड

आपल्या देशात मनगटी घड्याळ ही पुष्कळ काळपर्यंत विकत घेण्याची नव्हे, तर भेट म्हणून मिळण्याची वस्तू होती. लग्नात जावयाला, परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला किंवा सेवानिवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला ते मिळे, आणि असे घड्याळ मनगटावर कमी व पेटीत अधिक राहत असे. प्रस्तुत लेखात ज्या घड्याळाचा विचार करावयाचा आहे, ते निराळे. ते गवंड्याच्या, मालमोटार चालविणाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या किंवा लोहमार्गावर काम करणाऱ्या मजुराच्या मनगटावर दिवसाचे दहा-बारा तास असते. त्यावर सिमेंट उडते, घाम झिरपतो, पावसाळ्यात चार महिने पाणी पडते. आणि ते बंद पडले तर लगेच दुसरे घेण्याइतका पैसा मालकाच्या गाठीला असतोच असे नाही. असे घड्याळ निवडताना दुकानदाराच्या ग्वाहीपेक्षा थोडेसे पदार्थविज्ञान अधिक उपयोगी पडते.

प्रथम धक्क्याचा विचार करू. एक मीटर उंचीवरून सुटलेले घड्याळ जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर असतो. हा वेग सायकलस्वाराचा आहे; त्यात भयंकर असे काही नाही. भयंकर असते ते थांबणे. फरशीवर पडलेले घड्याळ एका मिलिमीटरच्या अंतरात थांबले, तर त्याच्या प्रत्येक भागावर त्या भागाच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर येतो. तेच घड्याळ मऊ पदार्थावर पडून एक सेंटिमीटर अंतरात थांबले, तर हा जोर सुमारे शंभरपटच राहतो. उंची तीच, वेगही तोच. फरक केवळ थांबण्यासाठी मिळालेल्या अंतराचा. काचेची भांडी गवतात बांधून पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला हे तत्त्व ठाऊक असतेच.

चावीच्या घड्याळात हा जोर सर्वांत नाजूक जागी येऊन पडतो. अशा घड्याळात कमानीत साठविलेली शक्ती दातेरी चक्रांच्या मालिकेतून एका लहानशा समतोल चक्रापर्यंत पोहोचते, आणि केसासारख्या बारीक कमानीच्या आधाराने हे चक्र पुढे-मागे झोके घेते. साधारण घड्याळात असे झोके तासाला १८,००० असतात. हे चक्र ज्या आसावर फिरते, त्याची टोके सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. घर्षण कमी राहावे म्हणून ती इतकी बारीक ठेवावी लागतात, आणि बारीक असल्यामुळेच ती धक्क्याने मोडतात. यावर उपाय असा निघाला, की टोक ज्या खड्यात फिरते तो खडा पक्का न बसविता लहानशा लवचीक स्प्रिंगवर बसवावा. धक्का बसला की खडा किंचित सरकतो, जोर आसाच्या जाड भागावर जातो आणि खडा पुन्हा जागेवर येतो. स्वित्झर्लंडमधील इंकाब्लॉक नावाची योजना १९३४ सालची आहे. जपानच्या सिटिझन कंपनीने १९५६ मध्ये पॅराशॉक नावाची आपली योजना बाजारात आणली, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून ती घड्याळे हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखविली. जाहिरात म्हणून हा प्रकार नाटकी खरा. परंतु त्यामागील अभियांत्रिकी खोटी नव्हती.

हीच योजना पुढे भारतात आली. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना उभारला. तेथे निघालेल्या ‘जनता’ या सतरा खड्यांच्या, चावीच्या घड्याळाच्या तबकडीवर ‘पॅरा शॉक’ हे शब्द छापलेले असत. स्वस्त, साधे आणि गावोगावच्या घड्याळजीला दुरुस्त करता येणारे असे हे घड्याळ होते. या कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय २०१६ मध्ये बंद करण्यात आला. आज बाजारात ‘जनता’ वा ‘पायलट’ म्हणून जी घड्याळे मिळतात, त्यांपैकी पुष्कळशी अनेक जुन्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून, वर नवी रंगीत तबकडी चढवून तयार केलेली असतात. हौसेने घेणाऱ्याने ती अवश्य घ्यावीत. खडतर वापरासाठी मात्र ती घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण केवळ जुनेपणा नव्हे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ नावाचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले, आणि समतोल चक्राची जागा गारगोटीच्या स्फटिकाने घेतली. आजच्या साध्या घड्याळातील हा स्फटिक चिमट्याच्या आकाराचा असून विजेच्या साहाय्याने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या मनाला येईल तशी निवडलेली नाही. तिला पंधरा वेळा निम्मे केले की एक उरतो, आणि निम्मे करण्याचे काम विद्युत्‌-मंडलाला अतिशय सोपे जाते. चावीच्या साधारण घड्याळात दिवसाला अर्ध्या मिनिटाची चूक पडणे नवलाचे नाही; स्फटिकाच्या साध्या घड्याळात तेवढी चूक पडण्यास बहुधा महिना लागतो. शिवाय मोडण्याजोगी ती बारीक टोकेही येथे नाहीत. स्फटिकाला दोष नाहीत असे नव्हे. तो २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जलद कंपतो व त्याहून थंड किंवा उष्ण झाल्यास मंदावतो. ४५ अंशांवर ठेवलेले घड्याळ दिवसाला एक सेकंदाहून थोडे अधिक मागे पडते. राजस्थानातील उन्हाळ्यात मनगटावरील घड्याळापेक्षा पत्र्याच्या पेटीत ठेवलेले घड्याळ अधिक मागे का पडते, याचा उलगडा विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा.

सोन्याचा मुलामा दिलेले जड घड्याळ मजबूत असते, ही समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. पडताना घड्याळात जी ऊर्जा येते ती त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. १९८९ साली निघालेले कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे आकडे दाखविणारे घड्याळ २१ ग्रॅम वजनाचे आहे. दीडशे ग्रॅमचे पोलादी घड्याळ त्याच उंचीवरून पडले, तर त्याला सातपट ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. या लहानशा घड्याळात काटे नाहीत, दातेरी चक्रे नाहीत, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे एक सेल सुमारे सात वर्षे चालतो. किमतीच्या मानाने धक्का सोसण्यात त्याच्या तोडीचे घड्याळ विरळा. पाण्याच्या बाबतीत मात्र ते केवळ शिंतोडे सोसणारे आहे.

याच कंपनीतील किकुओ इबे या अभियंत्याच्या कामाचा येथे उल्लेख केला पाहिजे. वडिलांनी दिलेले घड्याळ पडून फुटले, तेव्हा न फुटणारे घड्याळ करावे असे त्यांच्या मनाने घेतले. दहा मीटरवरून पडले तरी चालावे, दहा बार दाबाचे पाणी सोसावे आणि सेल दहा वर्षे टिकावा, अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. सुमारे दोनशे नमुने करून, ते इमारतीच्या खिडकीतून खाली टाकून पाहण्यात आले. बाहेरचे कवच कितीही जाड केले तरी आतील एखादा तरी भाग फुटेच. अखेरीस चेंडू खेळणाऱ्या एका मुलीकडे पाहताना त्यांना सुचले, की चेंडूच्या मध्यभागी एखादी वस्तू तरंगत असती तर तिला धक्का लागलाच नसता. मग घड्याळाचे यंत्र कवचाला सर्वत्र न चिकटविता काही मोजक्या मऊ टेकूंवर धरून ठेवण्यात आले. १९८३ साली हे जी-शॉक घड्याळ विक्रीस आले. थांबण्यासाठी अंतर मिळवून देणे, हे आरंभी सांगितलेले तत्त्वच येथे कामास आले आहे.

आता पाणी. घड्याळाच्या पाठीवर ‘३० मीटर’ किंवा ‘३ बार’ असे कोरलेले असते, आणि ग्राहक समजतो की तीस मीटर खोल बुडी मारता येईल. वस्तुतः हा आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा आहे. तोही घड्याळ कोरे असताना, म्हणजे आतील रबरी कडी ताजी असताना दिलेला. हात हलविल्याने दाब अतोनात वाढतो, असेही पुष्कळदा सांगतात. हिशेब करून पाहता सेकंदाला पाच मीटर वेगाने हात मारला तरी वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका भरतो. पंपाच्या नळीतून सेकंदाला वीस मीटर वेगाने निघालेली धार मात्र दोन बारचा दाब देते. गाडी धुताना घड्याळात पाणी का शिरते, हे यावरून कळेल.

खरे शत्रू तीन : जुने झालेले रबर, साबण आणि तापमानातील अचानक बदल. उन्हात साठ अंशांपर्यंत तापलेले घड्याळ घालून कोणी पंचवीस अंशांच्या विहिरीच्या पाण्यात उतरला, तर आतील हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो आणि जेथे फट असेल तेथून पाणी आत ओढले जाते. म्हणून ज्याला पावसात व पाण्यात काम करावयाचे आहे, त्याने १० बार लिहिलेले घड्याळ घ्यावे. पाठीचे झाकण दाबून बसविलेले असण्यापेक्षा आट्यांनी फिरवून बसविलेले असल्यास उत्तम. ३ बारचे घड्याळ हात धुण्यापुरते आहे असे समजावे.

काचेविषयी थोडक्यात. आपल्याकडील धुळीत गारगोटीचे कण भरपूर असतात. मोसच्या कठिणतामापनात गारगोटीचा क्रमांक ७ असून साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास आहे. म्हणून बाहीने पुसलेल्या काचेवर ओरखडे उठतात. नीलमाची म्हणून विकली जाणारी काच म्हणजे कृत्रिम कुरुंद होय. तिचा क्रमांक ९. घड्याळातील तांबडे खडेही त्याच जातीचे. ही काच ओरखडत नाही, परंतु ठिसूळ असते व महागही पडते. प्लॅस्टिकची काच सहज ओरखडते, पण फुटत नाही आणि दंतमंजनाच्या लेपाने घासली असता पुन्हा बरीच स्वच्छ होते. गवंड्याने प्लॅस्टिकची निवडावी. कार्यालयात बसणाऱ्याने काय निवडावे, हा त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. घड्याळाचे कवच पितळेवर मुलामा चढविलेले असेल तर घामाने तो दोन-तीन वर्षांत उडू लागतो, आणि खालच्या निकेलमुळे काहींच्या कातडीला खाज सुटते. निदान पाठ तरी स्टेनलेस स्टीलची आहे असे तीवर लिहिलेले पाहून घ्यावे.

पट्ट्याची निवड ही वरवर क्षुल्लक बाब वाटते. तथापि हरवलेल्या घड्याळांपैकी पुष्कळ घड्याळे पट्ट्याची पिन निसटल्यामुळे हरवतात. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो. रेझिनचा पट्टा दमट हवेत काही वर्षांनी तडकतो. दोन्ही पिनांच्या खालून ओवलेला नायलॉनचा अखंड पट्टा स्वस्त, धुण्याजोगा असून एक पिन तुटली तरी घड्याळ मनगटावरच राहते. सैनिकांनी तो आपलासा केला तो याच कारणाने.

परंतु हा गुणच काही ठिकाणी प्राणघातक ठरतो. लेथ, मळणी यंत्र, उसाचा चरक किंवा पट्ट्यावर चालणारे कोणतेही यंत्र यांच्यापाशी न तुटणारा पट्टा हाताला आत ओढतो. मळणी यंत्रांवर हात गमावलेल्यांची संख्या इतकी वाढली, की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा यंत्रापाशी घड्याळ, मग ते कोणतेही असो, काढून खिशात ठेवावे. मोटारीच्या बॅटरीवर काम करणाऱ्याने धातूची साखळी वापरू नये. तिने दोन्ही टोके जोडली गेली तर क्षणात ती लाल होते आणि मनगट भाजते.

विकत घेतल्यानंतरची एक गोष्ट सांगावयाची राहिली. सेल बदलताना दुकानदार झाकण उघडतो, सेल घालतो आणि झाकण दाबून बसवितो. हे काम दोन मिनिटांत होते, आणि १० बारचे घड्याळ बहुधा याच दोन मिनिटांत निकामी होते. झाकणाखालचे रबरी कडे चपटे किंवा कडक झाले असेल तर बदलून मागावे, नसल्यास त्यास सिलिकोनचे वंगण लावून मागावे. त्यानंतर एक सोपी परीक्षा घरी करता येते. घड्याळ हाताला सोसेल इतके, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत, गरम करून काचेवर गार पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवावा व पुसून टाकावा. काचेच्या आतल्या बाजूस धूसर ठिपका दिसला, तर आत दमट हवा आहे असे समजावे आणि घड्याळ त्याच दिवशी उघडून वाळविण्यासाठी द्यावे. तांदळाच्या डब्यात ठेवून वाट पाहत बसल्यास आतील पोलादी आसांवर गंज चढू लागतो.