अक्षरांची अदलाबदल

इंग्लंडांत ससेक्स परगण्यांत सीफर्ड नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. तेथील प्रिंगल मॉर्गन नामक डॉक्टरांनीं १८९६ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धीचा तल्लख, गणिताची आवड, दृष्टि निर्दोष. परंतु सातव्या वर्षापासून शिकवूनहि छापील शब्द त्याला वाचतां येईना. स्वतःचें ‘पर्सी’ हें नांव त्यानें ‘प्रेसी’ असें लिहिलें, आणि एकाहून अधिक वेळां सुचविल्यावांचून ती चूक त्याच्या ध्यानांतहि आली नाहीं. शिक्षण केवळ तोंडी असतें, तर हाच शाळेंतला सर्वांत हुषार मुलगा ठरला असता, असा त्याच्या मास्तरांचा अभिप्राय होता. (मास्तरांनीं एवढें ओळखलें, ही आमच्या मतें लहान गोष्ट नव्हे.) डॉक्टरांनीं या विकाराला जन्मजात शब्दांधत्व म्हटलें, आज त्याला डिस्लेक्सिया म्हणतात.

२००३ सालीं संगणकांच्या जाळ्यांतून एक इंग्रजी उतारा जगभर फिरला. प्रत्येक शब्दाचें पहिलें व शेवटचें अक्षर जागच्या जागीं, मधलीं सारीं विस्कटलेलीं. तरी तो बिनदिक्कत वाचतां येई. हें केंब्रिज विद्यापीठाचें संशोधन, असें त्यांत म्हटलें होतें; वस्तुतः तेथें असें संशोधन झालेंच नव्हतें. या प्रश्नाचा अभ्यास ग्रॅहम रॉलिन्सन यांनीं १९७६ सालीं नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या प्रबंधांत केला होता. आपल्याकडेहि मुद्रितें तपासणारास विचारावें, ‘अलवंबून’ हा शब्द डोळ्यांखालून किती सहज निसटतो! सरावलेला वाचक ओळखीच्या शब्दांत अक्षरें कोणतीं हें पाहतो, त्यांचा क्रम ढोबळ मानानेंच घेतो, आणि उरलेलें काम संदर्भ करतो.

यावरून पुष्कळांची अशी समजूत झाली कीं, डिस्लेक्सिया असणारांस अक्षरें नित्य विस्कटलेलींच दिसतात, म्हणून असा उतारा त्यांस सोपा जावा. ही समजूत खरी नव्हे. त्यांच्यापैकीं बहुतेकांची अडचण डोळ्यांत नसून अक्षर आणि ध्वनि यांची सांगड घालण्यांत असते. मात्र एक निराळा प्रकार आहे. तेल अवीव विद्यापीठांतील नामा फ्रीडमन यांनीं एका सहकारिणीसह २००१ सालीं तो हिब्रू वाचणारांत दाखवून दिला. त्यांत शब्दाच्या मधलीं अक्षरें आपसांत जागा बदलतात. अशा वाचकाला विस्कटलेला शब्द फारसा अडवीत नाहीं. तो त्यास सरळ करूनच वाचतो. तो फसतो निर्दोष छापलेल्या शब्दाशीं, ज्याचीं अक्षरें हलतांच दुसरा खरा शब्द होतो. जसें इंग्रजींत ‘फॉर्म’चें ‘फ्रॉम’. हिब्रूंत स्वर बहुधा लिहीत नाहींत, त्यामुळें असे जुळे शब्द पदोपदीं भेटतात आणि दोष उघडा पडतो.

पुढें असेंहि आढळलें कीं, वाचतांना अक्षरांखालून बोट फिरविलें तर या चुका कमी होतात.

हें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. आम्हीं तीसहून अधिक वर्षें मराठी व संस्कृत शिकविलें. ओळीवर बोट ठेवून वाचूं नये, असा आमच्या शाळेचा दंडक होता, आणि तो आम्हीं कसोशीनें पाळला. पांचवींतला एक मुलगा, अमरकोशाचे श्लोक दोनदां ऐकून म्हणणारा, पुस्तक हातीं आलें कीं गुपचूप तर्जनी पुढें करी. ‘बोट काढ’ असें आम्हीं त्याला किती वेळां बजावलें याची गणती नाहीं, पट्टीहि वापरली. सातवींनंतर त्यानें शाळा सोडली. त्याला हा विकार होता किंवा कसें, हें आतां ठरविणें शक्य नाहीं.

आमची नात यंदा पहिलींत आहे. ती ओळीवर बोट ठेवून वाचते. परवां सूनबाई तें बाजूस सारूं लागली, तेव्हां आम्हीं तिला थांबविलें.