‘ही वेळ नाही’ असे किती दिवस ऐकायचे?

भवानी पेठेच्या आसपास बिडी वळणाऱ्या बाईच्या घरी गेलात तर मांडीवर सूप, हाताशी पाने कापायची कात्री आणि घरभर तंबाखूचा वास, हे आजही दिसते. पद्मशाली तेलुगू घर आणि आपले मुसलमान घर यांत या बाबतीत काही फरक नसतो. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते आणि चेकरने नापास केलेल्या बिड्यांचे नुकसान दोघींच्या पदरात सारखेच पडते. सोलापुरात कामगारांच्या हक्काची भाषा या घरांमधून बोलली गेली, म्हणून चळवळींबद्दल बोलताना आम्ही इथूनच सुरुवात करतो.

या बायकांना पक्की घरे मिळावीत म्हणून नरसय्या आडम यांनी आयुष्य वेचले. सारे सोलापूर त्यांना आडम मास्तर म्हणते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते, तीन वेळा आमदार. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगारांची सुमारे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिच्या चाव्या दिल्या. तेव्हा डावे पक्ष त्या सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते, त्यामुळे पंतप्रधानांचे आभार मानायला अडचण नव्हती. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३० हजार घरांची योजना आली. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी तिच्या पायाभरणीला सोलापुरात आले आणि मास्तरांनी व्यासपीठावरून त्यांचे व मुख्यमंत्री फडणवीस यांचे कौतुक केले. मार्चमध्ये पक्षाने मास्तरांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले.

पक्षाची बाजू समजण्यासारखी आहे. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, अशा वेळी विरोधी नेत्याच्या तोंडची स्तुती प्रचाराला वापरली जातेच. आम्हालाही ते कौतुक खटकले होते. मोदी सरकारबद्दल आमच्या घराघरांत काय बोलले जाते ते वाचकांना सांगायला नको. तरीही एक गोष्ट तेव्हापासून मनात सलते. मास्तर काय बोलले याची झडती झाली, पण ज्या बाईला त्या घराची चावी हवी होती तिला काय वाटते हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. २००६ ला आभार मानले तर सौजन्य आणि २०१९ ला मानले तर गुन्हा, हा फरक पत्र्याच्या खोलीत पावसाळा काढणाऱ्या बाईला कोणी कसा समजावायचा? १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरच्या पहिल्या १५ हजार घरांचे वाटप झाले. मास्तर पक्षातच राहिले. २०२४ ची विधानसभाही ते त्याच पक्षाकडून लढले आणि हरले.

मास्तर जुने, मुरलेले. त्यांना तीन महिने सोसले. आम्हाला काळजी आहे ती आपल्या घरांतल्या मुलामुलींची. २०१९ च्या डिसेंबरपासून नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनांत आपल्या कितीतरी मुली आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. त्यातल्या काही पुढे संघटनांमध्ये गेल्या. फुले, शाहू, आंबेडकर, फातिमा शेख ही नावे त्यांनी प्रेमाने घरात आणली, घरच्यांना वाद घालायला शिकवले. आमच्या ओळखीची अशीच एक. अम्मी बिडी वळते, अब्बा रिक्षा चालवतात, ही बी.ए. झालेली. एका शिबिरात मुस्लिमांवरील अन्यायाची चर्चा चालू असताना तिने विचारले, आपल्या बिरादऱ्यांमधल्या उच्चनीचतेबद्दल आणि लग्नात मागितल्या जाणाऱ्या मोटारसायकलीबद्दल आपण कधी बोलणार? उत्तर मिळाले, ही वेळ नाही. पुढच्या बैठकीचा निरोप तिला आला नाही. कोणी भांडले नाही, काढून टाकले नाही. नुसता निरोप आला नाही. आजकाल बहुतेकांना असेच बाहेर काढले जाते. कोणती बातमी पुढे पाठवायची, कोणाच्या निधनावर दुःख व्यक्त करायचे आणि कोणाच्या नाही, हेसुद्धा ठरलेले असते, असे ती सांगत होती.

‘ही वेळ नाही’ हे वाक्य काही नवे नाही. हमीद दलवाईंनी ते आयुष्यभर ऐकले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मागणी साधी होती, तोंडी तलाक बंद करा. समाजाच्या पुढाऱ्यांनी त्यांना धर्माबाहेर ठरवले, आणि अल्पसंख्याकांची मते जातील म्हणून अनेक पुरोगामी पक्षांनी तोंड फिरवले. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. १९७७ मध्ये, ४४ व्या वर्षी दलवाई गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आम्हाला तिचा हा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दलवाईंना नाकारण्यात जसा एक साचा होता तसाच त्यांना डोक्यावर घेण्यातही होता. महाराष्ट्राच्या पुरोगामी वर्तुळात मुस्लिम कार्यकर्ता पुरोगामी आहे की नाही हे मोजायची पट्टी ठरून गेली. दलवाईंची भूमिका शंभर टक्के मान्य असेल तर पास, नाहीतर जातीयवादी. आपल्या सोलापूरच्या प्रा. फकरुद्दीन बेन्नूर सरांनी ही पट्टी नाकारली. संगमेश्वर महाविद्यालयात शिकवणारे, समाजवादी विचारांत वाढलेले सर म्हणत की मुसलमान म्हणजे एक गठ्ठा नव्हे. त्यात विणकर आहेत, बागवान आहेत, पिंजारी आहेत. त्यांचा पहिला प्रश्न रोजगाराचा, शिक्षणाचा आणि सुरक्षिततेचा आहे, आणि फक्त शरियतच्या चष्म्यातून पाहिले तर हा माणूस दिसतच नाही. दलवाईंशी असलेले मतभेद त्यांनी लिहून मांडले. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीला विचारांचे बळ दिले. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, त्यामागे ते होते. सर कर्मठांना पसंत नव्हते आणि दलवाईभक्तांनाही नव्हते. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा दोन्हीकडच्यांनी श्रद्धांजली वाहिली. ही आपल्याकडची जुनी रीत.

आपल्या शेजारच्या चळवळीतही हेच घडले. दलित पँथर १९७२ ला उभी राहिली, गावोगावच्या पोरांच्या अंगात वारे भरले. १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया असे सारे शोषित घेतले गेले. हे मार्क्सवादी की आंबेडकरवादी, यावर नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यात बिनसले आणि १९७४ मध्ये संघटना फुटली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पण एका छपराखाली दोन मते राहू शकतात, ही सोय त्या घरात नव्हती.

तलाकचा प्रश्न तर आपल्या घरातलाच. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी एकाच दमातला तीन तलाक रद्द केला. २०१९ मध्ये कायदा आला, तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. त्या काळात आम्ही वस्तीतल्या कितीतरी बायकांशी बोललो. बहुतेकींचे म्हणणे सरळ होते. तलाक असा एका दमात नको, हे बरे झाले. पण नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार? आता हे मत घेऊन ती कोणत्या मोर्चात जाणार? एका मोर्चात शरियत वाचवायची घोषणा द्यायची, दुसऱ्या बाजूला सरकारचा जयजयकार करायचा. काही स्त्रीसंघटनांनी हे मधले म्हणणे मांडले, पण त्यांचा आवाज दोन्हीकडच्या ढोलांत बुडाला.

बिडीचेच घ्या. तंबाखूविरोधी कार्यकर्ते म्हणतात, हा धंदा बंद करा. कामगारांच्या बाजूचे म्हणतात, पोटावर पाय देऊ नका. दोघेही खरे बोलतात. मात्र पहिल्यांच्या सभेत मजुरीचा विषय निघत नाही आणि दुसऱ्यांच्या सभेत बाईच्या खोकल्याचा. जीएसटी आल्यावर बिडीवरचा कल्याण उपकर बंद झाला. त्याच पैशातून या बायकांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. या गोष्टीवर दोन्ही बाजू एकत्र येऊ शकल्या असत्या.

कोणी म्हणेल, शिस्त नको तर संप कसा होणार? बरोबर आहे. गिरणगावात वाढलेल्या सोलापूरकराला हे शिकवायला नको. हजारी मजुरीत वाढ मागायची तर सगळ्यांनी एकदम सूप खाली ठेवावे लागते. पण संपात बाईने काम बंद ठेवावे एवढीच अपेक्षा असते. ती कोणाला मत देते, दर्ग्यावर जाते की नाही, पंतप्रधानांबद्दल तिला काय वाटते, हे संपाच्या बैठकीत कोणी विचारत नव्हते. आता उलटे झाले आहे. मागणी काय, ते धूसर. मते मात्र आधी जुळवून घ्यायची. आणि हे फक्त पुरोगाम्यांचे दुखणे आहे असे समजून आपण हसायला नको. आपल्या मोहल्ल्यात, जमातीत, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळे बोलणाऱ्या सुनेला काय ऐकावे लागते ते घराघरांत माहीत आहे.

दुखावलेली मुले मग दोन वाटांनी जातात. काही घरी बसतात. काही थेट समोरच्या छावणीत जातात. तिथे त्यांचे हारतुरे घालून स्वागत होते आणि महिन्याभरात नवा पाठ घोकायला मिळतो. तिथेही प्रश्न विचारायची वेळ आलेली नसतेच.

शिबिरातून निरोप बंद झालेली ती मुलगी या दोन्ही वाटांना गेली नाही. दर रविवारी सकाळी ती अम्मीच्या ओळखीच्या बायकांची कागदपत्रे पाहते. बिडी कारखान्याच्या नोंदीत नाव ‘शहनाज’, आधारवर ‘शाहेनाज’, बँकेत तिसरेच, त्यामुळे पीएफची पेन्शन अडकलेली. अशी दहा-बारा प्रकरणे तिच्याकडे सतत असतात. त्यात पद्मशाली बायका जास्त आहेत. जुन्या संघटनेतली एक मैत्रीण मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, तू हल्ली कशातच नसतेस. तिने पिशवीतून फायली काढून दाखवल्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात एखादी ओळख आहे का, असे विचारले. मैत्रिणीची आहे. पुढच्या आठवड्यात दोघी मिळून जाणार आहेत.