पायाला पट्टी बांधण्याआधी ‘डॉपलर’

भिवंडी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते यंत्रमाग आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांत त्यांच्यापुढे उभे राहणारे कामगार. सतत उभे राहावे लागणाऱ्या कामात पायांतून हृदयाकडे परतणारे रक्त साचते, शिरा फुगतात आणि काहींच्या घोट्याजवळ महिनोन्महिने न भरणारी जखम होते. अशा जखमेवर घट्ट दाबपट्टी बांधणे हा मान्य उपाय आहे. मात्र त्याच पायाच्या धमन्याही अरुंद झालेल्या असतील, तर हा उपाय पायाच्या मुळावर येतो. आधीच तोकडा असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो. बिडी ओढणाऱ्यांत व मधुमेहींत ही शक्यता अधिक.

हा धोका आधीच ओळखण्याचे साधन म्हणजे हातात मावणारे डॉपलर यंत्र. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ते चालते. जवळ येणाऱ्या रेल्वेगाडीची शिटी चढी व दूर जाणारीची उतरती ऐकू येते, तसाच फरक वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींत पडतो. पायाच्या धमन्यांसाठी साधारण ८ मेगाहर्ट्झची पेन्सिलीएवढी शलाका वापरतात. साध्या यंत्रात चित्र दिसत नाही. निदान कानांवर अवलंबून असते. त्यामुळे तपासणीची खोली शांत हवी, आणि मागांच्या खडखडाटाच्या या शहरात ती अट वाटते तितकी सोपी नाही.

रुग्णाला पाच ते दहा मिनिटे उताणे झोपवून दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतात. नंतर घोट्याच्या वर पट्टा गुंडाळून, पावलाच्या वरच्या बाजूस व घोट्याच्या आतील बाजूस जेल लावून शलाका तिरकी धरतात. पट्टा फुगवला की ‘धप्-धप्’ आवाज थांबतो. हवा सोडताना तो पुन्हा ज्या आकड्यावर येतो, तो घोट्याचा दाब. त्यातील मोठ्या आकड्याला दंडाच्या मोठ्या आकड्याने भागायचे. दंडाचा दाब १३० व घोट्याचा ७८ असेल, तर गुणोत्तर ०.६ येते. १ ते १.४ हे सर्वसाधारण, ०.९ वा त्याहून कमी म्हणजे धमनीत अडथळा. ०.८ च्या खाली नेहमीची घट्ट पट्टी टाळतात. ०.५ च्या खाली रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे तातडीने पाठवावे लागते.

मधुमेहींच्या बाबतीत मात्र हा आकडा फसवा ठरू शकतो. त्यांच्या धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि गुणोत्तर १.४ च्याही वर जाते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा सोनोग्राफीतील कलर डॉपलर उपयोगी पडते.

चालताना पोटरीत गोळे येणे व थांबल्यावर ते ओसरणे, हे ही तपासणी करून घेण्याचे ठळक कारण. एखाद्याचा पाय अचानक थंडगार, पांढराफटक व बधिर झाला, तर मात्र आकडेमोडीत वेळ न दवडता त्याला मोठ्या रुग्णालयात हलवावे. तेथे पाय वाचवण्यासाठी हाती जेमतेम सहा तास असतात.