छतावरचं युनिट, भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि मधल्या पाच तारा

आजचा विषय ऐकायला लहान वाटतो, पण कॉम्प्रेसर जळतो तेव्हा मालकाला तो फार मोठा वाटतो.

आपण बडनेऱ्याची माणसं, म्हणून सुरुवात स्टेशनापासूनच करू. पादचारी पुलावर उभं राहून खाली थांबलेल्या गाडीचा एलएचबी एसी डबा पाहा. डब्याच्या छतात दोन्ही टोकांना एकेक युनिट बसवलेलं असतं, प्रत्येकी साधारण ७ टनांचं. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पंखा सगळं एकाच खोक्यात. थंड हवा छतातल्या डक्टमधून खाली येते. मॉल, थिएटर, मोठी शोरूम यांच्या गच्चीवरचं पॅकेज युनिट म्हणजे याचाच भाऊ. फरक इतकाच की डब्याचं नियंत्रण तयार पॅनेलमध्ये येतं आणि इमारतीत ती जोडणी आपल्यासारख्या कोणाला तरी करावी लागते.

आपल्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या वाळ्याची ताटी आणि कूलर चालले. हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं, गारवा मिळतो. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि हॉलमध्ये पाचशे माणसं बसली की कूलर हात टेकतो. जुलैत हवा दमट झाली की तो फक्त ओल वाढवतो. म्हणून ही युनिट्स आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत.

आता मुख्य गोष्ट. थर्मोस्टॅट म्हणजे काय? तो थंडावा बनवत नाही. तापमान पाहून चालू-बंद होणारं ते एक बटण आहे. गच्चीवरच्या युनिटमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो मोठ्या व्होल्टेजचे २४ व्होल्ट एसी करतो. त्याचं एक टोक ‘आर’, दुसरं ‘सी’. ‘आर’ची तार खाली थर्मोस्टॅटला येते. हॉल तापला की थर्मोस्टॅट ‘आर’ला ‘वाय’शी जोडतो. करंट ‘वाय’वरून परत गच्चीवर जातो, कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून ‘सी’ला पोचतो. कॉइल ओढते, कॉन्टॅक्टर बसतो, थ्री-फेज कॉम्प्रेसरला मिळते. बारीक तार जाड तारेला हुकूम देते, एवढंच.

‘जी’ म्हणजे आतला पंखा. ‘डब्ल्यू’ म्हणजे हीटिंग. दोन कॉम्प्रेसर असतील तर ‘वाय-१’ आणि ‘वाय-२’: आधी एक चालतो, भागलं नाही तर दुसरा. आपल्याकडे बरीच युनिट्स फक्त कूलिंगची असतात, तिथे ‘डब्ल्यू’ची तार मोकळी राहते. तिचं टोक टेप करून ठेवा, उघडं सोडू नका. आणि ‘सी’ची तार खाली कशाला आणायची? जुन्या थर्मोस्टॅटला लागत नसे. आजच्या डिजिटल थर्मोस्टॅटला स्वतःचा डिस्प्ले चालवायला ती बहुधा लागते.

आता जिथे माणसं चुकतात ती जागा. थर्मोस्टॅट केबलमध्ये रंगांची एक रूढी आहे: लाल ‘आर’, पिवळी ‘वाय’, हिरवी ‘जी’, पांढरी ‘डब्ल्यू’. पण आपला वायरमन काय शिकलेला असतो? लाल, पिवळा, निळा म्हणजे तीन फेज आणि हिरवा म्हणजे अर्थिंग. दोन्ही बरोबरच आहेत, फक्त भाषा वेगळ्या आहेत.

आम्ही एका मंगल कार्यालयात ऐन लग्नसराईत गेलो होतो. तक्रार अशी की कूलिंग लावलं की फ्यूज उडतो. वर जाऊन पाहिलं तर हिरवी तार ‘जी’वर नव्हती, कोणीतरी ती पत्र्याच्या अर्थिंग स्क्रूला कसली होती. त्या युनिटमध्ये ‘सी’सुद्धा अर्थ केलेला. थर्मोस्टॅटने कूलिंग मागितलं की तो ‘वाय’बरोबर ‘जी’ही जोडतो. म्हणजे ‘आर’ थेट अर्थवर, सरळ शॉर्ट. फ्यूज आपलं काम चोख करत होता. पण वैतागून कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घातली होती. मग फ्यूज वाचला आणि ट्रान्सफॉर्मर जळला. पन्नास रुपयांच्या आतलं काम हजारांवर गेलं आणि वरात घामाघूम झाली. म्हणून रंग पाहून नाही, टर्मिनलवरचं अक्षर वाचून तार लावा. दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी लावा.

त्याहून मोठी सूचना: प्रत्येक युनिटचं कंट्रोल २४ व्होल्टच असेल असं धरू नका. काही ठिकाणी ते २३० व्होल्ट असतं. तिथे २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट लावला तर तो जळेलच, शिवाय हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. आधी दाराच्या आतला सर्किट डायग्राम वाचा, मग मीटर लावून मोजा. काम करताना मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. बंद केल्यावरही मीटरने तपासा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करा.

केबल साधारण १ चौरस मिलिमीटरची मल्टिकोअर घ्या, अंतर लांब असेल तर अजून जाड. ती पॉवर केबलच्या पाइपात घालू नका. गच्चीवरच्या उन्हात साधं इन्सुलेशन तडकतं, म्हणून कंड्युट हवाच.

थर्मोस्टॅट पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. दुपारी भिंत तापते आणि त्याला हॉल तापला असं वाटतं. थंड हवेच्या झोताखालीही नको. मागे तारांचं भोक असेल तर ते बुजवा, नाहीतर भिंतीतली गरम हवा सेन्सरवर येते.

जोडून झालं की थेट सेटिंगला जाऊ नका. आधी युनिटपाशी ‘आर’ आणि ‘जी’ जोडा: पंखा फिरला पाहिजे. मग पंखा चालू ठेवून ‘आर’ आणि ‘वाय’: कॉम्प्रेसर. इथे चाललं आणि खालून चाललं नाही, तर दोष केबलमध्ये किंवा थर्मोस्टॅटमध्ये. अर्धा शोध इथेच संपतो.

शेवटी एक प्रश्न आला होता: लाइट जाऊन लगेच आली तर काय? बंद झाल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंना समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी कॉम्प्रेसर उठवला तर तो अडकतो, करंट चढतो. म्हणून थर्मोस्टॅटमध्ये तीन ते पाच मिनिटांचा डिले ठेवा. आपल्या भागात लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे ही सेटिंग विसरू नका. तसंच थ्री-फेज स्क्रोल कॉम्प्रेसर असेल तर फेज सिक्वेन्स रिले लावा. लाइनचं काम झाल्यावर फेज उलटले तर तो उलटा फिरतो.

आणि सेट किती करायचं? घरगुती एसीसाठी १ जानेवारी २०२० पासून कंपनीतूनच २४ अंश सेट होऊन येतात. हॉललाही तोच आकडा बरा. बाहेर ४५ असताना १८ लावून हॉल लवकर थंड होत नाही. थर्मोस्टॅट हे बटण आहे, नळाची तोटी नाही. युनिट तेवढ्याच जोराने चालतं, फक्त बंद व्हायचं विसरतं. बिल मात्र येतं.

एवढं बोलून थांबतो. प्रत्यक्ष बोर्ड इथे टेबलावर आहे, पुढे या आणि हाताने जोडून पाहा.