आत्याच्या मापाचं घर

"काकू, चपला घाला आणि मग उभ्या राहा. स्वयंपाकघरात तुम्ही अनवाणी थोड्याच असणार?"

इंदूरला अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरात, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये डिझायनर माझ्या आत्याचं माप घेते आहे. आत्या भिंतीला पाठ लावून, कोपरात हात वाकवून उभी आहे. जमिनीपासून कोपरापर्यंत 36 इंच भरतात. त्यातून चार वजा करून डिझायनर वहीत लिहिते, 'ओटा 32'. तयार मॉड्युलर ओटे बहुधा 34 इंचांचे येतात. पाच फुटांपेक्षा बुटक्या आत्याला त्या दोन इंचांपायी पोळी लाटताना उभा जन्म खांदे उचलावे लागले असते. रामबागेतल्या वाड्यात तिने तसंच केलं. आता तो वाडा पाडला आहे, आणि ओट्याची उंची किती हवी हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला विचारतं आहे.

मग आत्याच्या यजमानांची, म्हणजे काकांची, पाळी येते. त्यांचे गुडघे कुरकुरतात. डिझायनर त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवते, उठायला सांगते, खाली एक लाकडी फळी सरकवून पुन्हा बसवते. दुसऱ्या वेळी काका हाताचा आधार न घेता उठतात. सोफ्याची बैठक 18 इंच ठरते. फोम चाळीस डेन्सिटीचा, कारण मऊ गादीत माणूस रुततो आणि मग उठवायला दुसरा लागतो. दोन्ही बाजूंचे हात लाकडी आणि सरळ, धरून उठता येईल असे. शोरूममध्ये काकांना आवडलेला जाडजूड, खोल सोफा यादीतून आपोआप गळतो.

"आता मला सांगा, वर्षातून एकदाच लागतात अशा वस्तू कोणत्या?"

या प्रश्नावर आत्या खुलते. महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि कोथळ्या. गणपतीचं मखर. पुरणाचं पातेलं, मोठी परात, दिवाळीची कढई. काकांच्या आईची पितळी समई. डिझायनर नुसती यादी करून थांबत नाही. ती खोकी उघडायला लावते आणि प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची टिपते. मुखवट्यांसाठी माळ्यावर नको, छातीच्या उंचीवर एक बंद कप्पा आखते, म्हणजे भाद्रपदात सत्तरीच्या बाईला स्टुलावर चढायला नको. छापील कॅटलॉगमध्ये हा कप्पा सापडणार नाही. ज्या घरात महालक्ष्म्या बसतात, तिथेच तो सुचतो.

बाल्कनीत मिस्त्री जुन्या लाकडाशी बसला आहे. वाडा उतरवताना आत्याने दारांच्या फळ्या, चौकटी आणि झोपाळ्याचा पाट हट्टाने मागे ठेवून घेतला होता. मिस्त्री एका फळीवर रंधा फिरवतो. वर्षानुवर्षांच्या तेलपाण्याखालून मधाच्या रंगाच्या रेषा वर येतात. "माताजी, ये तो सी.पी. टीक है," तो म्हणतो. सेंट्रल प्रोव्हिन्सेस हे नाव नकाशावरून कधीच गेलं, पण लाकडाच्या बाजारात त्या भागातला साग अजून त्याच नावाने विकला जातो. मिस्त्री आधी चुंबक फिरवून खिळे शोधतो आणि पक्कडीने एकेक उपटतो, कारण आत राहिलेल्या एका खिळ्याने यंत्राचं पातं तुटतं. दारांच्या फळ्यांचं जेवणाचं टेबल होणार आहे. कडी निघून राहिलेलं भोक त्याला बुजवायचं आहे. आत्या म्हणते, राहू दे. डिझायनर त्यात पितळेची चकती बसवायचं सुचवते. तिघांचंही समाधान होतं.

झोपाळ्यावर मात्र वाद होतो. आत्याला तो छतालाच टांगलेला हवा आहे. वाड्यात तो सागाच्या तुळईला होता, चार माणसं बसत. डिझायनर नाही म्हणते. स्लॅबला भोक पाडायचं तर आत सळ्या कुठून गेल्या आहेत ते कळायला हवं, इमारतीच्या अभियंत्याची संमती हवी आणि हलत्या वजनाचा ताण सोसेल असा कडीचा आधार हवा. "झोपाळा देते, पण तो खाली पडणार नाही असा देते," ती ठामपणे सांगते. मग वहीत जमिनीवर उभी राहणारी सागाची चौकट उमटते. पाट जुनाच, पितळी साखळ्याही जुन्याच. आत्या चित्राकडे बराच वेळ बघते आणि मान हलवते. गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी होकार देणारे पुष्कळ भेटतात. कारण सांगून नकार देणारी ही मुलगी मला फार मोलाची वाटते.

दुपारी आम्ही राजवाडा भागात पडद्यांचं कापड बघतो आहोत. आत्याचं बोट एका डाळिंबी माहेश्वरीवर थांबतं. रेशमी ताणा, सुती बाणा, काठाला चटईची वीण. सोफ्याला हेच हवं, असं ती म्हणते. डिझायनर कापड दोन बोटांत धरून उजेडाकडे करते आणि आरपार दिसणारा रस्ता आत्याला दाखवते. एवढ्या नाजूक विणीवर रोज माणसं बसली तर शिवण उसवणार. पडद्याला मात्र ते शोभेल, मागे सुती अस्तर लावलं तर. खिडकी पश्चिमेची आहे आणि माळव्यातलं मे महिन्याचं ऊन रेशमाचा रंग खातं.

हिशोब तिथेच, बिलाच्या पाठीवर होतो. खिडकी 72 इंच रुंद. चुणी नीट पडायला दुप्पट कापड, म्हणजे 144 इंच. ताग्याचा पन्हा 48 इंच, म्हणून तीन पट्टे. उंची सात फूट, वर-खाली दुमडायला एक फूट. एकूण 24 फूट, म्हणजे सव्वासात मीटरांहून थोडं जास्त; साडेसात मीटर पुरे. दुकानदार नऊ मीटर सुचवत होता. सोफ्यासाठी जाड हातमागाचं सुती कापड ठरतं आणि उश्यांना धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई, लाल-काळी. नव्वदेक किलोमीटरवरचं महेश्वर आणि त्याहून लांबचं बाग, दोन्ही ठिकाणच्या कारागिरांचं काम या बैठकीत शेजारी शेजारी येणार आहे.

परतताना डिझायनर गाडी मुद्दाम माणिकबागेवरून घेते. झाडांमागे इंदूरच्या होळकर महाराजांचा माणिकबाग महाल आहे. आज तिथे केंद्रीय कर खात्याचं कार्यालय भरतं. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तो एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून बांधून घेतला. दोघांची ओळख इंग्लंडमधली, दोघेही विशी-पंचविशीतले. मुथेसियसने भिंतींपासून दिव्यांपर्यंत सगळं त्या एका घरासाठी आखलं. रुलमानचं मेज, आयलीन ग्रेची खुर्ची, दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे, सोन्यो आणि अलिक्स यांनी घडवलेला धातूचा पलंग, असं युरोपातलं नवं काम इंदूरला आलं. वाचनालयातल्या लाल आरामखुर्च्या मुथेसियसच्याच. वाचणाऱ्याच्या पानावर उजेड पडावा म्हणून त्यांच्या अंगातच दिवे बसवलेले.

यशवंतराव 1961 साली वारले. 1980 मध्ये त्या सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला आणि ते जगभर पांगलं. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने महाराजांच्या या रसिकतेवर प्रदर्शन भरवलं. इंदूरला मात्र त्यातलं पाहायला फारसं काही उरलं नाही, याची खंत वाटते. पण यशवंतरावांचे पुत्र रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस महेश्वरला रेहवा संस्था उभी केली आणि थंडावत चाललेल्या मागांना काम मिळालं. वडिलांनी युरोपातून उत्तम कारागिरी आणली, मुला-सुनेने इथली कारागिरी नर्मदेकाठी जपली.

"त्या खुर्चीचा दिवा लक्षात ठेवा," डिझायनर मागे वळून काकांना म्हणते. "तुमच्या खुर्चीला डाव्या बाजूने देते." काकांचा उजवा डोळा अधू आहे, हे तिने सकाळीच टिपलेलं असतं.

संध्याकाळी फ्लॅटच्या जमिनीवर कागद पसरलेले आहेत. प्रत्येक वस्तूचं चित्र, माप आणि साहित्य त्यावर आहे. सिंकखाली आयएस 710चा पाणी सोसणारा प्लाय, कोरड्या कपाटांना आयएस 303चा. बिजागऱ्या कोणत्या, लॅमिनेट किती जाड, पैसे कोणत्या टप्प्याला किती, सगळं लिहिलेलं. आत्या एक शेल्फ दोन इंच खाली घ्यायला सांगते. डिझायनर खोडून नवा आकडा मांडते. "आजच सांगितलंत, बरं झालं. करवत लागल्यावर हाच बदल पैसे खातो." मग दोघी सह्या करतात.

दिवसभर हे सगळं पाहून माझं मत पक्कं झालं आहे. बेताचं उत्पन्न असलेल्या घरालाही मापाने घडवलेलं सामान परवडू शकतं, कारण त्यात खर्च विचारपूर्वक होतो आणि जुनं लाकूड, जवळचा विणकर, हाताशी असलेला मिस्त्री यांना मान मिळतो. तुम्ही घर सजवायला काढलंत तर डिझायनरला फोटो दाखवण्याआधी आपल्या घराची माणसं दाखवा. कोण बुटकं, कोणाचे गुडघे दुखतात, कोण रात्री वाचतं, कोणत्या सणाला काय बाहेर निघतं, हे संकोच न करता सांगा. आणि जी व्यक्ती हे विचारतच नाही, तिच्या हाती घर देऊ नका.