सडका ओंडका, कातळावरचं डबकं

मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेला असालच. पण अंधारात चमकणारं आणखी एक प्रकरण शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. पावसाळा मुरला, की भीमाशंकरच्या जंगलात कुजकी लाकडं हिरवट उजळतात. ही करामत 'मायसीना' गटातल्या बुरशीची. काजवा लुकलुकतो, ही मात्र मंद, एकसारखी तेवत राहते.

आता दुसरा हिरो: सिंधुदुर्गातला 'आंबोली टोड', म्हणजे एक भेक. अंगावर वाघासारखी नक्षी, म्हणून शास्त्रीय नावात 'टायग्रिना'. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं २००९ मध्ये. आंबोली परिसर सोडला तर जगात कुठंच तो सापडत नाही. 'आययूसीएन'च्या रेड लिस्टमध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' आहे.

एक बुरशी, एक भेक. तुलना कशाला? कारण दोघांचंही घर आपल्या लेखी कचरा आहे.

बुरशीचं खरं शरीर लाकडाच्या आत, धाग्यांच्या जाळ्यात असतं. वर दिसते ती नुसती छत्री. छत्री तुटली तरी जाळं जगतं, पण 'पडलेलंच तर आहे' म्हणून ओंडका शेकोटीला नेला की खेळ खल्लास. भेकाचं गणित याहून नाजूक. सुरुवातीच्या पावसात, जेमतेम काही दिवस, कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. कातळ फोडला तर पाणी साचणार कुठं? आणि रस्ता ओलांडताना चाकाखाली आला, तर त्याच्यामागे जमिनीत कुठलं जाळं शिल्लक नसतं.

फरक आणखी एक. उभयचरांची निदान मोजदाद होते. २०२३ च्या जागतिक आढाव्यात सुमारे ८,००० प्रजाती तपासल्या, त्यातल्या ४१ टक्के धोक्यात निघाल्या. बुरशींच्या मात्र दीड लाखाहून जास्त प्रजातींना नावं मिळालीत, आणि रेड लिस्टसाठी तपासलेल्यांचा आकडा २०२५ मध्ये कुठं हजारापुढं गेला. म्हणजे चमकणाऱ्या बुरशीची रील व्हायरल होते, पण ती किती उरलीय याचा हिशेब नाही. भेकाचा हिशेब आहे, पण त्याची रील कोण बघतं?

यंदा पावसात अकोल्याच्या डोंगरांत जाल, तेव्हा एवढंच करा. पडलेलं लाकूड पडू द्या. डबक्यात बूट घालू नका. रात्री घाटात गाडी हळू चालवा. आणि पाच मिनिटं टॉर्च बंद करून बघा, डोळे अंधाराला सरावले की जंगल दिसायला लागतं.